जोहारी खिडकी

जोहारी खिडकी हे व्यक्तीची स्वतःविषयीची समजूत आणि इतरांना दिसणारे तिचे रूप यांची तुलना करण्यासाठी वापरले जाणारे मानसशास्त्रीय प्रारूप आहे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ते १९५५ मध्ये मांडले. 'जो' आणि 'हॅरी' या त्यांच्या नावांच्या लघुरूपांवरून 'जोहारी' हा शब्द तयार झाला. मराठीतील 'जोहार' या अभिवादनाशी त्याचा संबंध नाही.

रचना

चार तावदानांच्या खिडकीप्रमाणे या प्रारूपाचे चार भाग पडतात.

* खुला भाग : स्वतःला आणि इतरांनाही ठाऊक असलेले गुण, वर्तन व भावना.
* अंध भाग : इतरांना दिसणाऱ्या, पण स्वतःच्या लक्षात न आलेल्या गोष्टी. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, ही म्हण याच भागाला लागू पडते. मात्र येथे केवळ दोषच असतात असे नाही. स्वतःला न जाणवलेले गुणही असतात.
* झाकलेला भाग : स्वतःला ठाऊक असलेल्या, पण इतरांपासून राखून ठेवलेल्या गोष्टी.
* अज्ञात भाग : कोणालाच न उमगलेल्या क्षमता, भीती किंवा प्रेरणा.

तावदानांचे आकार स्थिर नसतात. एकाचा आकार बदलला की इतरांचाही बदलतो. व्यक्तीने मन मोकळे केले, तर झाकलेला भाग लहान होतो. इतरांचे मत तिने ऐकून घेतले, तर अंध भाग आकसतो. दोन्ही प्रकारे खुला भाग वाढतो.

पद्धत

या प्रारूपावर आधारलेल्या प्रचलित सरावात ५६ विशेषणांची यादी दिली जाते. तीत धीट, शांत, विश्वासू, लाजाळू, विनोदी अशा अर्थांची विशेषणे असतात. व्यक्ती त्यांतून स्वतःला लागू पडणारी पाच-सहा निवडते. तिचे परिचित तिच्यासाठी स्वतंत्रपणे निवड करतात. दोन्हीकडे आलेली विशेषणे खुल्या भागात, केवळ परिचितांनी निवडलेली अंध भागात, केवळ स्वतः निवडलेली झाकलेल्या भागात आणि कोणीच न निवडलेली अज्ञात भागात मांडली जातात.

मर्यादा

कोणीच न निवडलेले विशेषण त्या व्यक्तीला मुळात लागूच पडत नसेल, ही शक्यता उरते. शिवाय इतरांचे मत म्हणजे अंतिम सत्य नव्हे. त्यात पूर्वग्रह, भीड किंवा हितसंबंध मिसळू शकतात. वरिष्ठांविषयी कनिष्ठ, किंवा शिक्षकांविषयी विद्यार्थी मोकळेपणाने बोलतीलच असे नाही. त्यामुळे ज्याच्या हाती अधिकार अधिक, त्याचा अंध भाग दीर्घकाळ तसाच राहण्याचा धोका असतो. उलट, झाकलेले उघड करण्याची सक्ती झाल्यास दुर्बल व्यक्तीची हानी होऊ शकते. म्हणून हा सराव ऐच्छिक असणे आणि सहभागींमध्ये परस्परविश्वास असणे आवश्यक ठरते.

संबंधित संशोधन

समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये 'आरशातील स्व' ही संकल्पना मांडली. इतरांना आपण कसे दिसतो याविषयीच्या आपल्या कल्पनेतून स्वप्रतिमा घडते, असे तिचे सूत्र आहे. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिंताग्रस्ततेसारख्या आंतरिक बाबी व्यक्ती स्वतः अधिक अचूक सांगते, तर बुद्धिमत्तेसारख्या प्रतिष्ठेशी निगडित गुणांविषयी मित्रांचा अंदाज अधिक अचूक ठरतो, असे आढळले. म्हणजे स्वतःची आणि इतरांची दृष्टी परस्परपूरक आहे. एकीची उणीव दुसरी भरून काढते.