वेतन आणि मानधन : एका शब्दभेदाचा इतिहास

आरोग्यसेवा व प्रशासनसेवा यांच्या वेतनाची तुलना केवळ आकड्यांनी पुरी होत नाही. तिचा इतिहास शब्दांतही आहे. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत केंद्रीय आरोग्यसेवेतील डॉक्टर आणि भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी यांचे आरंभीचे मूळ वेतन समान, ५६,१०० रुपये ठरले. केंद्राच्या कनिष्ठतम कर्मचाऱ्यालाही १८,००० रुपये मिळाले. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ मात्र ‘स्वयंसेविका’ ठरली. तिला वेतनश्रेणी नव्हती. कामागणिक मोबदला होता. मराठी व्यवहार त्याला ‘मानधन’ म्हणतो. या समासात मान आधी येतो, आणि महागाई भत्ता, निवृत्तिवेतन हे वेतनाला जोडलेले हक्क मात्र निसटतात. म्हणून ‘वेतन द्या’ ही तिची मागणी रकमेइतकीच नामाभिधानाचीही आहे.