तीन कलमांचा चाकू

मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. बंदरात उतरलेला माल तिथे मोजायचा, तपासायचा, जकात भरायची आणि मगच पेठेत न्यायचा. मुंबईत एक मांडवी आहे, तशीच रत्नागिरीत. आता रत्नागिरीच्या मांडवीवर लोक संध्याकाळी काळ्या वाळूत चालायला आणि जेटीवरून सूर्यास्त बघायला येतात. बोटींच्या काळात मात्र मुंबईहून येणाऱ्या मालाची आणि माणसांची ही वाट होती. आगबोट लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, बोचकी, पेट्या पडावांतून काठाला यायच्या. पावसाळ्यात तेही बंद. विलायती जिन्नस कोकणात पोचायचे ते अशा बंदरांतून, आणि घडी घालून खिशात टाकायचा छोटा चाकू हा त्यांतलाच एक.

तसा कोकणी माणूस धारेवाचून कधीच नव्हता. कमरेला मागच्या बाजूस आकडी बांधायची, तिच्यात कोयती अडकवायची आणि घराबाहेर पडायचं. वाटेत आडवी आलेली फांदी, शहाळं, कुंपणाची काटी, सगळं कोयतीच्या हिशेबात. सुपारीला चंचीतला अडकित्ता होताच. मग या चिमुकल्या चाकूला काम उरलं कुठलं? ते काम एका शब्दात सांगता येतं: कलम. आणि त्या शब्दाचे मराठीत तीन अर्थ आहेत.

पहिलं कलम लिहिण्याचं. ग्रीक भाषेत ‘कालामोस’ म्हणजे बोरू. तो शब्द अरबी-फारसीतून फिरत दप्तरी मराठीत आला. ‘चाकू’ही फारसीच्या वाटेने आलेला, सुरी मात्र संस्कृत छुरिकेची लेक. बोरू काही तयार मिळत नसे. टोक तिरकं छाटायचं, मधोमध बारीक चीर द्यायची. चीर वाकडी गेली की शाई ओघळलीच. लिहिता लिहिता टोक बोथट होई, की पुन्हा चाकू. त्यामुळे मोडी लिहिणाऱ्या कारकुनाजवळ दौतीइतकाच चाकूही हवा. फारसीत त्याचं नावच कलमतराश, म्हणजे कलम तासणारा. इंग्रजांचा ‘पेननाइफ’ तरी वेगळा काय? तोही मुळात पिसाची लेखणी तासायचा चाकू. पोलादी निबाचा टाक आला तेव्हा चाकूचं हे काम सुटलं. पुढे तो पेन्सिलीला टोक करू लागला. तिथूनही त्याला आधी दाढीच्या पात्याच्या अर्ध्या तुकड्याने आणि नंतर शार्पनरने हुसकावलं.

एकोणिसाव्या शतकात या चाकूंची दोन मोठी माहेरं होती, इंग्लंडचं शेफिल्ड आणि जर्मनीचं सोलिंगन. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सच्या पात्यावर तारा आणि माल्टीज क्रूस उमटवलेला असे. गिऱ्हाइकाला इंग्रजी अक्षर येवो न येवो, खूण ओळखता आली की झालं. पण ज्या खुणेला भाव, तिची नक्कल होणारच. स्वस्त जर्मन मालावर शेफिल्डचं नाव ठोकून तो विकला जातो, अशी तिथल्या कारागिरांची ओरड होती. त्यातून ब्रिटनमध्ये 1887 साली व्यापारी खुणांचा कायदा झाला आणि परक्या मालावर मूळ देशाचं नाव घालायची वेळ आली. हिंदुस्थानात तसा कायदा 1889 मध्ये आला. स्वस्तातला चाकू निवडणाऱ्याची ‘पात्यावर छापलंय ते खरं का?’ ही शंका एवढी जुनी आहे.

दुसरं कलम कायद्याचं. पण त्याकडे वळण्याआधी सिनेमाचं सांगायला हवं, कारण चाकूचं नाव खराब केलं ते त्याने. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटका दाबून उघडायचा लांब चाकू हिंदी चित्रपटात गुंडाच्या हाती गेला. 1965 च्या ‘वक्त’मधला राजकुमार आणि तो चाकू लोक आजही विसरलेले नाहीत. परिणाम असा, की खिशात चाकू बाळगणारा सरळ माणूसही संशयाच्या नजरेने बघितला जाऊ लागला.

कायद्याची नजर मात्र मापावर असते. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी घडवलेली हत्यारं त्यांतून वगळली आहेत. तीन इंची घडीचा चाकू या मापाच्या पुष्कळ अलीकडे राहतो. तरीही महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37 लक्षात ठेवावं. सणासुदीला किंवा निवडणुकीत त्याखाली मनाईचा हुकूम निघाला, की त्या दिवसांत चाकू घरीच बरा. विमानात तर तो हातातल्या पिशवीतून नेताच येत नाही.

तिसरं कलम आंब्याचं, आणि इथे रत्नागिरीचा अधिकार मोठा. हापूसला नाव पोर्तुगीज आफोन्सो द आल्बुकर्कचं, आणि त्याची कलमं पसरली तीही पोर्तुगिजांच्या आमदानीतल्या गोव्यातून. कोय पेरून हापूस जसाच्या तसा मिळत नाही, म्हणून इथे बागायतदार झाडं मोजत नाही, ‘कलमं’ मोजतो. आधी भेटकलमाची चाल होती. नंतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने, जे 1972 साली स्थापन झालं, कोयकलमाची सोपी रीत बागायतदारांपर्यंत नेली. या रीतीचा सगळा भार एका छोट्या पात्यावर असतो.

म्हणून स्वस्त चाकू पारखायचा तर कलमं बांधणाऱ्याच्या डोळ्यांनी पारखावा. तो आधी पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघतो. खिळ्यात ढिलाई असेल तर चाकू परत. मग कमान: उघडताना नखाला जोर लागला पाहिजे आणि पातं ‘टक्’ करून बसलं पाहिजे. पण कमानीवाचूनही चाकू चालतो. फ्रान्सच्या ओपिनेलने 1890 पासून लाकडी मुठीचा बिनकमानीचा साधा चाकू घडवला आणि 1955 मध्ये त्यावर फिरती कडी चढवली, पातं बोटांवर मिटू नये म्हणून. जपानी शाळकरी पोरांच्या हिगोनोकामी चाकूलाही कमान नाही. पात्याच्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा. दोन्ही गरिबाला परवडणारे, आणि दोन्ही अजून टिकून आहेत.

राहता राहिलं पोलाद. स्टेनलेस स्टीलचं श्रेय शेफिल्डच्याच हॅरी ब्रिअर्लीला, साल 1913. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात त्याचा उपयोग कळतो. साधं पोलाद इथे एका पावसाळ्यात तांबूस होतं आणि कैरी कापली की काळं पडतं. पण साध्या पोलादाला धार पटकन चढते, सहाणेवर चार हात मारले की काम भागतं. ज्याला रोज पुसून खोबरेल लावायचा कंटाळा नाही त्याने ते घ्यावं, बाकीच्यांनी स्टेनलेस.

जून-जुलैत रोपवाटिकेत हे सगळं नजरेला पडतं. कोयीतून फुटलेलं पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस. कामगार त्याचा शेंडा आडवा उडवतो आणि उरलेल्या खोडाला मधोमध बोटाच्या दोन पेरांएवढी चीर देतो. हापूसची पानं काढलेली काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतो. तासणं एका ओढीचं. दुसऱ्यांदा पातं फिरलं तर कड खडबडीत होते आणि सांधा धरत नाही. पाचर चिरेत बसते, भोवती प्लास्टिकची पट्टी आवळली जाते. पात्यावर चिकाचा थेंब आलेला असतो. तो फडक्याला पुसून कामगार पुढचं रोप ओढतो, आणि जेवणाची हाक आली की चाकू मिटून सदऱ्याच्या खिशात टाकतो.