पाहुणे येतात, यजमान कोण? – अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या सहलीचा इतिहास

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय वाचून आपल्यापैकी काही जणांना प्रश्न पडला असेल की, पर्यटनाचा इतिहास म्हटल्यावर महाबळेश्वर, अजिंठा, गोवा सोडून हा माणूस उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरवर काय बोलणार? इथे कोण पर्यटनाला येतं? उत्तर साधं आहे. जुलैमधल्या कुठल्याही रविवारी सकाळी बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला जाऊन उभे राहा. पाठीवर सॅक, पायात चपला, हातात प्लास्टिकच्या पिशव्या, अशी शेकडो पोरं लोकलमधून उतरतात आणि कोंडेश्वरच्या रिक्षा शोधतात. मुक्काम नाही, हॉटेल नाही, बुकिंग नाही. संध्याकाळच्या लोकलनं परत. हे देशांतर्गत पर्यटनच आहे, फक्त नोंदवहीत येत नाही.

दुसरी शंका अशी की, हा प्रदेश दुर्गम कसा? मुंबईपासून दीड-दोन तासांवर तर आहे! मी म्हणेन, दुर्गमपणा मुंबईपासूनच्या अंतरावर मोजू नका. स्टेशनपासूनच्या शेवटच्या आठ-दहा किलोमीटरवर मोजा. चंदेरीच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांमध्ये पावसाळ्यात एखाद्याला साप चावला, तर दवाखाना किती लांब आहे ते त्या माणसाला विचारा. लोकल जवळ आहे म्हणून वाडी जवळ येत नाही.

आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. या पट्ट्यात पाहुणे शतकानुशतकं येत आहेत. पण पूर्वी पाहुणा यायचा तिथे यजमान असायचा. गेल्या काही दशकांत पाहुणे वाढले आणि यजमान मात्र नाहीसा झाला. त्याची किंमत आपण दर पावसाळ्यात मोजतो.

जत्रेची वाट

सुरुवात अर्थातच अंबरनाथच्या शिवमंदिरापासून. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ असा काळ दिला आहे, म्हणजे इसवी सन १०६०. उत्तर कोकणचे शिलाहार राज्य करत होते, राजा माम्वाणी. भूमिज शैलीतलं हे देऊळ. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं, वर शिखर अपुरं, बाहेरच्या भिंतीवर शिल्पांची दाटी. शेजारून वालधुनी वाहते.

आता बघा, इथे लोक यायचे ते शिल्पं बघायला नव्हे. यायचे महाशिवरात्रीला, दर्शनाला. जत्रेचं एक शास्त्र असतं. दिवस ठरलेला असतो, वाट ठरलेली असते, पाणी कुठलं प्यायचं, रांग कुठून लावायची, सगळं ठरलेलं. पुजारी असतात, दुकानं मांडणारे असतात, गाव असतं. आजही महाशिवरात्रीच्या आदल्या रात्रीपासून रांग लागते. प्रचंड गर्दी होते, आणि ती गर्दी सांभाळायची कुणी याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते.

देवळाकडे 'बघण्याची वस्तू' म्हणून पाहणं हे एकोणिसाव्या शतकातलं. १८६८ मध्ये मुंबई सरकारनं जे. जे. स्कूल ऑफ आर्टची एक तुकडी इथे पाठवली. त्यांनी मोजमापं घेतली, चित्रं काढली, शिल्पांचे साचे घेतले. म्हणजे भाविकाबरोबर आता प्रेक्षकही आला.

दुसरी जुनी वाट मलंगगडाची. कुणी हाजी मलंग म्हणतं, कुणी मच्छिंद्रनाथांचं स्थान म्हणतं. माघी पौर्णिमेला मोठी गर्दी असते. तिथल्या जुन्या-नव्या वादात आज शिरायचं नाही. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये अशी हकीकत आहे की, इथली व्यवस्था कल्याणच्या केतकर घराण्याकडे होती, तिच्यावर १८१७ च्या सुमारास वाद झाला आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून निवाडा केला. तीनदा चिठ्ठ्या टाकल्या, तिन्ही वेळा केतकरांच्या बाजूनं कौल पडला. यातून एक समजतं की यजमान कोण, हा प्रश्न लोकांना इतका महत्त्वाचा वाटत होता की तो मोकळा ठेवणं कुणालाच चालणार नव्हतं. गडाच्या पायऱ्यांवर चहावाले, फुलवाले, डोलीवाले यांच्या पिढ्या त्या वाटेवर जगल्या. पाहुणा चढताना दमला तर त्याला बसायला सांगणारं कुणीतरी होतं.

रेल्वे आणि रविवार

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण आपल्या दृष्टीनं १८५६ हे साल महत्त्वाचं. त्या वर्षी कल्याणच्या पुढे खोपोलीच्या बाजूला रेल्वे सुरू झाली आणि अंबरनाथ, बदलापूर, नेरळ हा सगळा पट्टा मुंबईला जोडला गेला. बदलापूरच्या नावाविषयी आपण ऐकतो की इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर. ती आख्यायिका म्हणून घ्या. पण तिच्यात एक खरं आहे: हे वाटेवरचं गाव आहे. इथे थांबायचं ते पुढे जाण्यासाठी.

रेल्वे आली म्हणजे लगेच सहल आली असं नाही. सहलीला दोन गोष्टी लागतात, गाडी आणि सुट्टी. साहेबाकडे दोन्ही होत्या. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानला पोचला आणि तिथे थंड हवेचं ठिकाण वसलं. गिरणी कामगाराकडे मात्र सुट्टी नव्हती. ती मिळाली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण लोखंड्यांना कामगार चळवळीचे जनक म्हणतो, ते बरोबरच आहे. पण पर्यटनाच्या इतिहासातही त्यांचं नाव यायला हवं. रविवार नसता तर रविवारची सहलही नसती.

माथेरानकडे थोडं थांबू, कारण ते या पट्ट्यातलं यजमान असलेलं पर्यटन आहे. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्यानं बांधलेली नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. वर नगरपालिका, प्रवाशांवर कर, मोटारींना बंदी, घोडेवाले, हमाल, लॉजवाले. २००३ मध्ये केंद्र सरकारनं तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. सगळं गोड होतं असं मुळीच नाही. माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा तिथे इतकी वर्षं चालल्या की २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या बंद करायला सांगावं लागलं. तरी तिथे गोंधळ झाला तर जाब कुणाला विचारायचा हे ठाऊक असतं.

कॅम्पातली खरेदी

आता उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. आजही आपण 'कॅम्प नंबर दोन', 'कॅम्प नंबर पाच' म्हणतो. इथे बघायला काय होतं? काहीच नव्हतं. पण लग्नसराईत ठाण्या-रायगडातल्या गावांमधून कुटुंबंच्या कुटुंबं गजानन मार्केटला कापड घ्यायला येऊ लागली, जपानी बाजारात फिरू लागली. दिवसभर खरेदी, मध्ये दाल-पकवान, संध्याकाळी घरी. हीसुद्धा एक सहलच म्हणायची. आणि इथला यजमान म्हणजे दुकानदार. ज्यांचं स्वतःचं घर सुटलं होतं, ती माणसं दारात आलेल्याला 'बसा, पाणी घ्या' म्हणत होती. त्यात धंदा होता, हे खरंच. पण यजमानपणात थोडा धंदा असायला हरकत नाही, किंबहुना तो असावाच, हे मी पुढे सांगणार आहे.

धबधब्याचा काळ

आता आपल्या काळाकडे येऊ. मुंबईत घर परवडेना म्हणून लोक डोंबिवलीला आले, तिथून अंबरनाथला, मग बदलापूरला. शहर डोंगराच्या कुशीपर्यंत पोचलं. हातात मोबाईल आला, त्यात व्हिडिओ आले. आणि कोंडेश्वर, भोज, बारवीचा परिसर, चंदेरी ही नावं, जी आधी गिर्यारोहकांना आणि गावकऱ्यांनाच ठाऊक होती, ती सगळ्यांची झाली.

कोंडेश्वरचं पाहा. शंकराचं जुनं ठाणं, शेजारी ओढा, त्यात कुंड. देव तोच, पण येणारा देवासाठी येत नाही, पाण्यासाठी येतो. मुळात त्यात वाईट काही नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या पोराला आठवड्यातून एकदा वाहतं पाणी अंगावर घ्यावंसं वाटलं, तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? त्याच्याकडे रिसॉर्टचे पैसे नाहीत. या पट्ट्यातले धबधबे हे गरिबाचं माथेरान आहे.

पण हे पाणी कसं आहे ते समजून घ्या. सह्याद्रीच्या या फाट्यावर उतार उभे, ओढे आखूड, खडक काळा बसाल्ट, पाणी मुरायला जागा कमी. वर डोंगरावर ढग फुटला की खाली ऊन असतानाही ओढा थोड्या वेळात चढतो. कुंडाच्या आत पाण्यानं कोरलेल्या कपारी असतात, वरून दिसत नाहीत. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकतो आणि पोहता येणाऱ्यालाही भोवऱ्यातून बाहेर पडता येत नाही. हे ज्ञान वाडीतल्या दहा वर्षांच्या मुलाला असतं. लोकलमधून आलेल्या वीस वर्षांच्या मुलाला नसतं. आणि या दोघांची गाठ घालून देणारी कुठलीही व्यवस्था नाही.

मग काय होतं? एखादा मुलगा बुडतो. अग्निशमन दल येतं, शोधायला गावातली पोहणारी पोरं पाण्यात उतरतात. बातमी येते. जिल्हाधिकारी जमावबंदीचा आदेश काढतात. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली. रस्त्यावर पोलीस उभे राहतात. भजी, मक्याचं कणीस विकणाऱ्या बाईची टपरी उठते. आणि पोरं आडवाटेनं आत जातात, जिथे पोलीसही नसतात आणि गावकरीही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला, आणि त्यानंतरही रविवार रिकामा गेला नाही.

गावाच्या वाट्याला काय येतं? रिकाम्या बाटल्या, फुटलेल्या काचा, शेताच्या बांधावर लावलेल्या मोटारसायकली. पर्यटनाचा पैसा लोकलच्या तिकिटात, पेट्रोलमध्ये आणि शहरातून आणलेल्या पार्सलात जातो. भातलावणीच्या दिवसांत ज्या घराला चार पैशांची गरज असते, त्या घराच्या दारावरून तो निघून जातो.

एक दिवस यजमान दिसला होता

२७ जुलै २०१९ आठवा. उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, आणि आसपासचे गावकरीही धावले. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. ते कोल्हापूरला निघालेले प्रवासी काही इथे सहलीला आले नव्हते. पण त्या दिवशी सरकारी यंत्रणा आणि गाव एकत्र उभे राहिले. म्हणजे यजमान इथे आहे. त्याला आपण फक्त आपत्तीच्या दिवशी बोलावतो.

साताऱ्याच्या कास पठारावर आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घेते, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा ठरवली आहे, वाट दाखवायला स्थानिक मुलं असतात. तिथेही तक्रारी आहेत. पण तिथे पाहुण्याला 'इथून पुढे जाऊ नका' म्हणणारा माणूस त्याच गावचा असतो, आणि ते म्हणण्याचा त्याला अधिकार असतो.

माझं म्हणणं इतकंच आहे. कोंडेश्वरला बंदीचा फलक नको असं मी म्हणत नाही. त्या फलकाशेजारी पगार घेणारा, दोरखंड आणि शिट्टी असलेला, त्या ओढ्याचा स्वभाव माहीत असलेला वाडीतला माणूस हवा. माणशी वीस-तीस रुपये घ्या, त्यातून त्याचा पगार द्या, कचरा उचला, टपरीवालीला जागा द्या.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : पण बंदीमुळे काही जीव तरी वाचत असतील ना?*

नक्कीच वाचत असतील. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी वाट पूर्ण बंदच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण चार महिने सरसकट बंदी असली की लोक धोक्याचा दिवस आणि साधा दिवस यात फरक करेनासे होतात. रोजच 'नाही' म्हटलं की खऱ्या 'नाही'ला किंमत उरत नाही.

*प्रश्न : पैसा आला की गावात भांडणं होतील, दादागिरी होईल. त्याचं काय?*

होऊ शकतात. दोनशे वर्षांपूर्वी मलंगगडावर वाद झालाच होता की! पण तो मिटवायला कुणीतरी बसलं. भांडण होईल म्हणून यजमानच नेमायचा नाही, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. येत्या महाशिवरात्रीला अंबरनाथच्या रांगेत उभे राहाल तेव्हा जरा आजूबाजूला बघा. पाणी कोण देतंय, रांग कोण लावतंय, हरवलेलं पोर कोण शोधून देतंय. मग त्याच जुलैमध्ये कोंडेश्वरला जाऊन तीच माणसं शोधा, आणि ती तिथे का नाहीत, हे आपल्या नगरसेवकाला विचारा.