रायपूरचे दोन कळफलक

रायपूर हे नाव हिंदीत लिहावयाचे झाले, तर पकाराला ऱ्हस्व उकार द्यावा लागतो. मराठीत तो दीर्घ होतो. एवढ्याशा भेदातही त्या नगरीचा इतिहास दडलेला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे मराठी माणूस छत्तीसगडात आला, रुजला आणि तिथलाच झाला. पुढे १९५० साली मध्य प्रदेश राज्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान दिले. राजधानी नागपूर होती, आणि मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांची कर्मभूमी रायपूर होती. १९५६ साली विदर्भ वेगळा झाला आणि ही दुभाषी व्यवस्था मोडली. लिपी मात्र दोघींची एकच राहिली, आणि ती यंत्रावर चढविण्याचा प्रश्नही सामायिकच राहिला.

हा प्रश्न मुळात परदेशी यंत्राचा आहे. अमेरिकेत शोल्सने घडविलेले टंकलेखन यंत्र १८७० नंतरच्या दशकात रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. त्याच्या चाळीस-पंचेचाळीस कळांवर सव्वीस रोमन अक्षरे सुखाने नांदली. देवनागरीचे तसे नव्हते. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे एवढा परिवार त्या कळांवर मावावा कसा? त्यावर तोडगा निघाला तो सुताराच्या बुद्धीचा. अक्षराचे तुकडे करावेत आणि कागदावर ते सांधावेत. अर्धा ‘ख’ उठवून पुढे काना ठोकला की पूर्ण ‘ख’ उभा राहतो. ‘घ’, ‘ध’, ‘भ’, ‘श’ यांचीही हीच गत. या यंत्राला उच्चाराशी कर्तव्य नव्हते. आकार तेवढा कळे. म्हणून ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ मागाहून. ‘धर्म’ या शब्दातला रफार तर ‘म’ उमटल्यानंतर त्याच्या माथ्यावर चढे.

संगणक आला तेव्हा ही सवय बोटांत पक्की भिनलेली होती. कृतिदेव नावाच्या टंकाने तिचा मान राखला. टंकलेखकाने जुन्याच कळा दाबाव्यात, आणि पडद्यावर नागरी अक्षरे उमटावीत. आत मात्र नोंद होई ती रोमन चिन्हांची. हिंदीतले ‘रायपुर’ हे नाव यंत्राच्या पोटात जे, के, अर्धविराम, आय, क्यू आणि पुन्हा जे असे साठविले जाई. तो टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर तोच कागद उघडला, की नगरीच्या नावाचा पत्ता नाही!

दुसरा कळफलक ध्वनीच्या वाटेने आला. १९८६ साली सिद्ध झालेल्या आणि १९८८ साली सुधारलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डाव्या हाताशी स्वर आणि उजव्या हाताशी बहुतेक व्यंजने ठेवली गेली. बंगाली असो की कन्नड, ‘क’ची कळ तीच. योगायोग असा, की ‘र’ दोन्ही कळफलकांवर एकाच कळीवर आहे आणि ऱ्हस्व वेलांटीही एकाच कळीवर. परंतु इन्स्क्रिप्टमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर द्यावयाची. कळ तीच, क्रम उलटा! दोन दशके एका क्रमाने चाललेल्या बोटांना हा बदल किती जड जातो, हे नव्या प्रणालीचे फर्मान काढणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

आज अर्ज, नोंदी आणि परीक्षाही महाजालावरील अनुप्रयोगांतून होतात, आणि हाच जुना गोंधळ तेथे नव्या वेषात भेटतो. इंग्रजी ‘एस’ची कळ इन्स्क्रिप्टमध्ये मात्रा देते; फ्रान्समध्ये ‘क्यू’च्या जागी ‘ए’ असतो. म्हणून कळ दाबली जाताच ब्राउझर दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. ‘की’ या गुणधर्मातून उमटणारे चिन्ह कळते. ‘कोड’मधून कळीची जागा. अक्षराला महत्त्व असेल तेथे पहिला पाहावा, बोटाच्या जागेला असेल तेथे दुसरा. मजकूर घ्यावयाचा असेल, तर या दोहोंवर विसंबू नये. चौकटीत प्रत्यक्ष काय उतरले ते वाचावे. कित्येक मोबाइल फोनांवर तर पडद्यावरचा कळफलक कोणती कळ दाबली याचा पत्ताच लागू देत नाही. कळा मोजून माणसाचे लेखन तपासणारा अनुप्रयोग तेथे आंधळा ठरतो.

मराठीची म्हणून आणखी एक अडचण उरते. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘र’ रफार होऊन वर चढत नाही. ‘य’च्या कडेला आडवा राहतो. इन्स्क्रिप्टवर त्यासाठी शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबावी, मग हलन्त द्यावा आणि मग ‘य’. हिंदी टंकलेखनात वाढलेल्या बोटांना या ‘र’ची ओळख नसते, ती साधा ‘र’ देऊन मोकळी होतात. मग रायपुरातल्या एखाद्या मराठी घरच्या लग्नाच्या हिशेबात आचाऱ्यांना द्यावयाची रक्कम आचार्यांच्या नावे लिहिली जाते, आणि स्वयंपाकी आपल्या पैशांची वाट पाहत बसतो.