सबड्युरल हिमॅटोमाची पुनरावृत्ती

दीर्घकालीन सबड्युरल हिमॅटोमाची पुनरावृत्ती म्हणजे मेंदू आणि त्याचे ड्युरा नावाचे बाहेरचे जाड आवरण यांच्यामध्ये साचलेले जुने रक्त शस्त्रक्रियेने काढल्यानंतर त्याच जागी पुन्हा साचणे व त्यामुळे लक्षणे परत उद्भवणे होय. निरनिराळ्या अभ्यासांत याचे प्रमाण साधारणतः ५ ते ३० टक्के आढळले आहे. बहुतेक वेळा पुनरावृत्ती पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे रुग्ण घरी परतल्यानंतर होते. त्यामुळे नांदेड व लातूरसारख्या, गाव आणि मोठे रुग्णालय यांत बरेच अंतर असलेल्या जिल्ह्यांत तिचे निदान बऱ्याच अंशी घरच्या माणसांच्या लक्षावर अवलंबून राहते.

== रक्त पुन्हा का साचते ==

हा आजार मुख्यतः वृद्धांचा आहे. वयोमानाने मेंदू आकसतो, कवटीच्या आत मोकळी जागा वाढते आणि किरकोळ मार लागल्यानेही तेथील बारीक शिरा तुटतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५७ मध्ये या विकाराला आवरणाचा दाह मानले होते. पुढे तो केवळ इजेचा परिणाम मानला जाऊ लागला. आजच्या समजुतीत दोन्ही मतांना स्थान आहे. साचलेल्या रक्ताभोवती पातळ पडदा तयार होतो. त्यात दाहामुळे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्त झिरपत राहते. शस्त्रक्रियेत कवटीला एक-दोन छिद्रे पाडून द्रव धुऊन काढला जातो, परंतु पडदा बहुधा तसाच राहतो.

== जोखमीचे घटक ==

मेंदू पुन्हा फुगून रिकामी जागा भरून काढू शकला नाही, तर पुनरावृत्तीचा धोका वाढतो. अधिक वय, आकसलेला मेंदू, रक्ताचा मोठा साठा, तो दोन्ही बाजूंना असणे आणि शस्त्रक्रियेनंतर कवटीत हवा राहणे हे घटक याच गटातील होत. सीटी स्कॅनमध्ये ताजे व जुने रक्त वेगवेगळ्या थरांत दिसणे, हे पडद्यातून रक्तस्राव अजून सुरू असल्याचे लक्षण समजले जाते.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यांचा पुनरावृत्तीशी संबंध काही अभ्यासांत स्पष्ट दिसतो, तर काहींत दिसत नाही. हृदयात कृत्रिम धातूची झडप असलेल्या रुग्णाला वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल फार काळ बंद ठेवता येत नाही. अशाने झडपेवर गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून औषध पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे मेंदूशल्यविशारद व हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे लागते. रुग्णाने ते स्वतःहून थांबवणे किंवा सुरू करणे दोन्ही धोक्याचे आहे.

== प्रतिबंध ==

सर्वांत परिणामकारक उपाय साधा आहे: शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन दिवस निचऱ्याची नळी ठेवणे. केंब्रिज येथील २००९ च्या चाचणीत नळीमुळे पुनरावृत्ती २४ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आली आणि सहा महिन्यांतील मृत्यूही निम्म्याहून कमी झाले. डेक्सामेथासोनचा अनुभव याउलट आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत या औषधाने पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची गरज घटली, तरी रुग्णांची एकूण स्थिती औषध न दिलेल्यांपेक्षा वाईट राहिली. पडद्याला रक्त पुरवणारी मधली मेनिंजियल धमनी कॅथेटरद्वारे बंद करण्याच्या पद्धतीने पुनरावृत्ती कमी होते, असे २०२४ मधील चाचण्यांत दिसले. मात्र त्यासाठी कॅथ लॅब व प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात.

== नांदेड व लातूर ==

नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या भागातील प्रमुख शासकीय संदर्भ रुग्णालये होत. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा अंतरावरून केवळ खात्रीसाठी सीटी स्कॅनला वारंवार येणे आवश्यकच असते असे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विस चाचणीत लक्षणे नसताना ठरावीक वेळी केलेल्या स्कॅनचा लाभ दिसला नाही. उलट पुन्हा शस्त्रक्रिया अधिक झाल्या. शस्त्रक्रियेनंतर थोडा द्रव उरतोच, आणि तो म्हणजे पुनरावृत्ती नव्हे.

लक्षणे दिसताच मात्र विलंब चालत नाही. वाढती डोकेदुखी, चालताना तोल जाणे, गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा, बोलण्यात गोंधळ किंवा कपड्यांत लघवी होणे ही ती लक्षणे होत. मुले पुण्या-मुंबईला आणि आईवडील गावी, अशा घरांत हा बदल म्हातारचळ किंवा लकवा समजून दुर्लक्षिला जाण्याची भीती असते. वेळेवर स्कॅन झाल्यास बहुतेकदा जुन्याच छिद्रातून रक्त पुन्हा काढता येते.