पुढचं अक्षर कोणतं?

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. "मामा, नाही झालं."

एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा तिने दिली होती. नव्वद मिनिटं, तीन प्रोग्रॅम, समोर कॅमेरा. दुसऱ्याच दिवशी ईमेल, निवड झाली नाही म्हणून. मध्ये माणूस कोणी नव्हताच. प्रोग्रॅम यंत्राने तपासले, नजर कुठे फिरते तेही यंत्रानेच पाहिलं. "माझं काय चुकलं ते विचारू तरी कोणाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "अगं, होईल दुसरीकडे" असं काहीतरी बोलून फोन ठेवला. झोप मात्र उडाली.

कारण घरातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, मलाही पहिली नोकरी अशाच एका परीक्षेने लागली. १९९४ साल, पुणे, दोनेकशे पोरं, आणि हातात पेन्सिल. ए, सी, एफ, जे... पुढचं अक्षर कोणतं? ('ओ'. अजून येतं!) याचा प्रोग्रॅमिंगशी काय संबंध, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पास झालेल्याला असे प्रश्न पडत नाहीत.

नंतर वाचताना कळलं, की ही अक्षरमाला थेट १९५५ सालची. आयबीएमकडे तेव्हा यंत्रं होती, पण ती चालवणारी माणसं कुठून आणायची हे कळत नव्हतं. प्रोग्रॅमर म्हणजे कोण हेच ठरलं नव्हतं. त्याआधी १९४५ मध्ये एनिॲक या यंत्रासाठी अमेरिकन लष्कराने सहा बायका निवडल्या, त्या आधीपासून हाताने आकडेमोड करणाऱ्या म्हणून. पण हजारोंनी माणसं हवीत तर असं एकेक निवडून कसं भागणार? मग मॅकनमारा आणि ह्यूज या दोघांनी एक चाचणी तयार केली, 'प्रोग्रॅमर ॲप्टिट्यूड टेस्ट'. अक्षरांच्या माला, आकृत्यांची साम्यं, थोडं अंकगणित. १९६७ या एका वर्षात सात लाखांहून जास्त लोकांनी ती दिली असं इतिहासकार नेथन एन्समेंगर लिहितात. गंमत म्हणजे या गुणांचा प्रशिक्षणातल्या गुणांशी थोडाफार मेळ बसायचा, प्रत्यक्ष कामाशी फारसा नाही. तरी चाचणी चालूच राहिली. का? स्वस्त होती, झटपट होती, आणि नकार देताना कोणाच्या डोळ्यात बघावं लागत नव्हतं.

१९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. कामावर असलेल्या १,३७८ प्रोग्रॅमर मंडळींच्या आवडीनिवडी त्यांनी तपासल्या. त्यात १,१९२ पुरुष, १८६ बायका. निष्कर्ष असा, की यांना कोडी आवडतात आणि माणसांत फारसा रस नसतो. झालं! माणूसघाणा म्हणजे चांगला प्रोग्रॅमर, हा समज भरतीत शिरला. खुर्चीवर आधीच कोण बसलंय ते मोजायचं आणि पुढे तसेच घ्यायचे. ज्यांना कधी बसूच दिलं नाही त्यांचं माप कोण घेणार?

यंत्राने प्रोग्रॅम तपासणंही नवं नाही. १९६० मध्येच हॉलिंग्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या रेन्सेलर संस्थेत विद्यार्थ्यांची पंचकार्डं यंत्राकडून तपासून घेतली होती. पण त्याला उत्तर बरोबर की चूक एवढंच कळायचं. एक चूक आणि शून्य.

यात खरा बदल केला तो आपल्याकडच्या लोकांनी. 'ॲस्पायरिंग माइंड्स' या भारतीय कंपनीच्या श्रीकांत आणि अगरवाल यांनी २०१४ मध्ये एक पद्धत मांडली. प्रोग्रॅममध्ये कुठली लूप कशाच्या आत आहे, कुठलं मूल्य कशावर अवलंबून आहे, हे यंत्र बघणार, आणि जाणकारांनी आधी दिलेल्या गुणांवरून शिकून गुण देणार. म्हणजे गाडी अर्ध्यावर अडली तरी रस्ता बरोबर असेल तर मार्क मिळणार. मला हे मनापासून आवडलं. जुन्या परीक्षेपेक्षा हे कितीतरी न्याय्य. याच कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलं, की ३६ हजार विद्यार्थ्यांपैकी ४.७७ टक्केच अचूक लॉजिक लिहू शकले, आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला!

पण यंत्र शिकतं ते माणसांच्याच जुन्या निर्णयांवरून. ॲमेझॉनने २०१४ पासून अर्ज निवडणारं एक यंत्र बनवायला घेतलं होतं. त्याला शिकवायला दहा वर्षांचे जुने अर्ज वापरले, बहुतेक पुरुषांचे. यंत्र बायकांचे अर्ज खाली ढकलायला शिकलं. तो प्रकल्प गुंडाळला गेला, बातमी २०१८ मध्ये बाहेर आली. १९६६ चीच गोष्ट, फक्त आता वेगाने. आणि २०२१ नंतर तर प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रंही आली. म्हणजे लिहिणारं यंत्र, तपासणारं यंत्र. युरोपच्या २०२४ च्या कायद्याने भरतीतल्या अशा यंत्रांना 'जास्त जोखमीचं' ठरवून माणसाची देखरेख सक्तीची केलीय. बरंय.

पण सगळा दोष यंत्राला देऊन मला सुटता येणार नाही. काही वर्षांनी मी टेबलाच्या पलीकडे बसायला लागलो. एक मुलगा एका मार्काने गेला. त्याच्या पेपरच्या मागे त्याने पेन्सिलने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, कोणी न विचारता. नीटनेटका होता. मी तो पाहिला, कट-ऑफ पाहिला, आणि गठ्ठ्यात खाली सरकवला. बाहेर तो बाकावर बसला होता. "सर, काय चुकलं?" म्हणाला. "कळवू," म्हणालो. कळवलं नाही. माझ्यात आणि त्या कॅमेऱ्यात तेव्हा काय फरक होता?

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला मीच फोन केला. "तिसरा प्रोग्रॅम कसा लिहिलास ते सांग." पाऊण तास ती बोलत होती, मी फक्त "असं का केलंस?" विचारत होतो. मधेच थांबली. "मामा... यादी रिकामी असली तर माझा प्रोग्रॅम कोसळेल ना?" कोसळेल, म्हटलं. ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

नोकरी अजून नाहीच. पण काय चुकलं ते तिला कळलं. त्या बाकावरच्या मुलाला मात्र कोणीच सांगितलं नाही.