प्रोग्रॅम लिहिणारा गेला, प्रोग्रॅम उरला

डोंबिवली, कल्याण, ठाण्यात १९९०च्या दशकात एक वेगळीच जमात तयार झाली होती. दिवसा बँकेत नाहीतर कंपनीत नोकरी, येता-जाता लोकल, आणि रात्री जेवणं झाल्यावर घरच्या कॉम्प्युटरवर फॉक्सप्रो. सोसायटीची मेंटेनन्सची बिलं, वाचनालयाची देवघेव, मंडळाची वर्गणी, वधूवर सूचक मंडळाच्या याद्या, सगळ्याचे प्रोग्रॅम या लोकांनी लिहिले. हौसेने, बहुतेक वेळा फुकट. ही मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. काही गेली. प्रोग्रॅम मात्र कुठे कुठे अजून चालू आहेत, जुन्या मशीनवर, 'हात लावू नका' अशी चिठ्ठी चिकटवून.

हाच प्रश्न हॅम रेडिओवाल्यांना २००४ साली पडला. इंग्लंडचे रॉजर बार्कर (कॉलसाइन जी-४-आयडीई) यांनी 'यूआय-व्ह्यू' नावाचा प्रोग्रॅम एकट्याने लिहिला होता. कुठलं स्टेशन कुठे आहे ते तो नकाशावर दाखवायचा. जगभरचे हौशी लोक तो वापरत होते. बार्कर गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे सोर्स कोड नष्ट करण्यात आला. ज्याचं काम त्याची इच्छा, त्यावर आपण काय बोलणार? पण परिणाम बघा. प्रोग्रॅम आहे तसा चालत राहिला, नोंदणी क्रमांक देण्याचं काम स्वयंसेवकांनी पुढे चालवलं, बाहेरून जोडता येतील असे छोटे प्रोग्रॅम लोकांनी लिहिले. आतला एक स्क्रू मात्र कुणालाच फिरवता येईना.

याउलट ब्राम मूलेनार. 'व्हिम' हा एडिटर आपल्याकडच्या आयटीतल्या मुलामुलींना माहीत असेल. १९९१ पासून या डच माणसाने तो सांभाळला. वापरणाऱ्यांकडे मागणं एकच, जमलं तर युगांडातल्या मुलांसाठी मदत द्या. ऑगस्ट २०२३ मध्ये वयाच्या ६२व्या वर्षी ते गेले. पण कोड सगळ्यांसमोर उघडा होता आणि तो ओळखणारे बरेच जण होते. ख्रिश्चन ब्राबांट यांनी सूत्रं घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये ९.१ ही आवृत्ती ब्राम यांना अर्पण करून बाहेर पडली.

आपल्या फॉक्सप्रोवाल्यांची गोष्ट या दोघांच्या मधली. सोर्स बहुतेक वेळा हरवलेला असतो, पण डेटा वाचवता येतो. कारण फॉक्सप्रो माहिती डीबीएफ फाइलमध्ये ठेवतं आणि त्या फाइलची रचना सगळ्यांना माहीत आहे. (ही रचना ज्या डीबेसमधून आली त्याचा जन्मही हौसेतलाच. वेन रॅटलिफ या अमेरिकन माणसाने १९७८ मध्ये ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजा जिंकायला तो प्रोग्रॅम लिहायला घेतला!) मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये फॉक्सप्रोचा सपोर्ट पूर्ण बंद केला, तरी डीबीएफ फाइल लिब्रे ऑफिसमध्ये आजही उघडते. एका छोट्या वाचनालयाची सभासद यादी मी अशीच उघडली. आकडे, तारखा सगळं जागच्या जागी. नावं मात्र अगम्य, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी.

खरी गोम इथे आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या कॉम्प्युटरवर ती आली विंडोज २००० पासून, र. कृ. जोशींच्या 'मंगल' फॉन्टबरोबर. त्याआधी प्रत्येक फॉन्टवाल्याची अक्षरांची मांडणी वेगळी. एकात 'क' जिथे बसतो तिथे दुसऱ्यात 'म'. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कुठला फॉन्ट वापरला हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसेल, तर नावं परत मिळवायची म्हणजे एकेक अक्षर जुळवत बसायचं. फॉन्टचं नाव कळलं की कन्व्हर्टर मिळण्याची आशा तरी असते. म्हणून माझ्या मते पासवर्डच्याही आधी फॉन्टचं नाव लिहून ठेवायला हवं.

आता कायदा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम म्हणजे साहित्यकृती. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ही मुदत आधी ५० होती, रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली म्हणून वाढवली. म्हणजे २०२० मध्ये गेलेल्या काकांनी घरी बसून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क २०८० अखेरपर्यंत घरच्यांकडे. घरच्यांना बहुधा याचा पत्ताच नसतो. लेखी परवानगीचं एक पत्र त्यांनी दिलं तर दुसरा कुणी निर्धास्तपणे त्यात हात घालू शकतो. काका हयात असतील तर त्यांनीच द्यावं, आणि सोबत सोर्सचा पेनड्राइव्ह.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तेव्हाच्या हाती लिहिलेल्या नोंदवहीचं एक बरं असतं, लिहिणारा गेला तरी दुसऱ्याला ती वाचता येते. आपल्या १९९८ च्या फ्लॉपीचं तसं नाही.

तेव्हा तुमच्या सोसायटीत, वाचनालयात, ट्रस्टच्या ऑफिसात असा प्रोग्रॅम चालू असेल तर आधी पूर्ण फोल्डरची कॉपी काढा, मशीन बंद पडायची वाट बघू नका. मग लिहिणाऱ्याला नाहीतर त्याच्या घरी फोन करा. फॉन्ट ओळखता येत नसेल तर चार-पाच नावांचा स्क्रीनशॉट कमेंटमध्ये टाका. सभासदांची खरी नावं नकोत, पुस्तकांची चालतील. जुने डीटीपीवाले इथे बरेच आहेत, कुणीतरी ओळखेल.